भाटीवाडीचे अकरा गुण

रत्नागिरी
रविवार, १२ जानेवारी २०२५

गुणवंती,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, याबद्दल आधी आभार. न फोडता कुठे फडताळात टाकलं असशील, तर हे वाक्य वाया गेलं. चालायचंच. सरकारी नोकरीत माझी कितीतरी वाक्यं वाया गेली आहेत.

फोनच केला असता. पण पंधरा महिन्यांत तीनदा केला आणि तिन्ही वेळा तुझ्या वहिनींनी "त्या बाहेर गेल्यात" असं सांगितलं. अलोऱ्याच्या त्या कॉलनीत दर वेळी बाहेर जाण्यासारखं एवढं काय आहे? तिसऱ्या वेळी तर मागे तुझा खोकला ऐकू आला. हॉस्टेलवर दोन वर्षं शेजारच्या कॉटवर झोपले मी, तुझा खोकला मला कळत नाही होय?

असो. मी बरी आहे. एकतीस मेला निवृत्त होते. गुडघे माझ्याआधीच निवृत्त झालेत.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. परवा मालगुंडला आमच्या केंद्राच्या क्रीडास्पर्धा होत्या. केंद्रप्रमुख म्हणून मी मांडवात खुर्चीत बसले होते. लंगडीचा सामना संपला आणि एक मुलगी धापा टाकत थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाईनू, मी शमिका. भाटीवाडीची. भागोजी तांडेलाची नात." मी म्हटलं, छान खेळलीस. तिला ते ऐकायचंच नव्हतं. म्हणाली, "आजोबांचा आवाज तुमच्याजवळ हाय ना?"

मी म्हटलं, कसला आवाज? मग तिने सांगितलं. दिवाळीत भागोजींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. "गुणवंतीबाईंनी टॅबात त्यांचा आवाज भरून घेतलेला. मग टॅब तुमी नेलाव. तर आवाज तुमच्याजवळ असंल."

मी म्हणाले, "बघते हं." केंद्रप्रमुखाच्या 'बघते'चा अर्थ पाचवीतल्या पोरीला कुठून कळणार? ती खूश होऊन पळाली.

तर विचारायचं एवढंच. ते आवाज तू आणखी कुठे ठेवले आहेस का? तुझ्या फोनमध्ये, पेनड्राइव्हवर, कुठेही? ते टॅब नंतर दुसऱ्या शाळेला गेले. मध्ये काय झालं ते मला आता नीट आठवत नाही.

आणि विषय निघालाच आहे तर सांगते. तू तोंड फिरवलंस ते त्या अकरा गुणांवरून. शिक्षक वर्गात तंत्रज्ञान किती चांगलं वापरतात, हे मोजायचा तक्ता मी केला होता. दहा प्रश्न, प्रत्येकी चार गुण, एकूण चाळीस. तो तेराही शाळांना सारखाच लावला. भाटीवाडीला अकरा पडले, सर्वांत कमी, आणि कमी गुणांच्या शाळेतली साधनं जास्त गुणांच्या शाळेला द्यायची हा आदेश वरून आला होता. मी काढला नव्हता. मैत्रीण म्हणून तुला वेगळी फूटपट्टी लावायची होती का?

आवाजाचं तेवढं कळव.

ज्ञानेश्वरी


रत्नागिरी
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

गुणवंती,

उत्तर नाही. अपेक्षित होतं.

मागचं पत्र टाकून आले आणि त्यातलं शेवटचं वाक्य माझ्या मानगुटीवरच बसलं. वेगळी फूटपट्टी. मोठी आले फूटपट्टीवाली.

ज्या शाळेला तुझे टॅब गेले तिची गंमत तुला कुणी सांगितली नसेल. नाव लिहीत नाही, तू ओळखशीलच. तिथे मोठा टीव्ही आहे. एरवी त्यावर भरतकामाचं कापड, वर प्लॅस्टिकच्या फुलांची परडी. साहेब येणार असा निरोप आला की परडी उतरते, कापड निघतं आणि जलचक्राची फिल्म लागते. येईल त्या साहेबाला तीच फिल्म, इयत्ता कुठलीही असो. मी पाहणीला गेले तेव्हा मध्येच आवाज बंद पडला. तर मुलांनी एका सुरात पुढचं सगळं म्हणून दाखवलं, "आणि मग ही वाफ उंच आकाशात जाऊन थंड होते," त्या फिल्मवाल्या बाईच्या लाडिक सुरासकट. मला हसू आवरेना. मी त्यांना चाळीसपैकी छत्तीस दिले. तक्त्यात विचारलं होतं, साधन चालू होतं का? होतं. मुलांचा प्रतिसाद होता का? फिल्मच्याही आधी होता.

आता तुझे अकरा कुठून आले ते ऐक. कुणाला सांगितले नाहीत. चार तुझ्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राला. चार भिंतीतल्या प्लगला, कारण वीज आणि चार्जिंगची सोय होती. आणि तीन गुण कपाटाला कुलूप होतं म्हणून, 'साधनांची सुरक्षितता'. कपाट रिकामं होतं हे तू आदल्या आठवड्यातच मला सांगितलं होतंस. तरी कुलपाला मी तीन गुण दिले.

उरलेल्या सात प्रश्नांना शून्य. वर्गात एकही टॅब नव्हता. सहाच्या सहा मुलांच्या घरी होते. सहा मुलं ते दप्तरात घालून दोन-दोन दिवस घरी न्यायची. कुणी आईला विचारायचं, मासळी खारवायची कशी. कुणी आजीला. शमिकाने आजोबांना विचारलं, धुक्यातनं होडी खाडीत घ्यायची कशी. त्यांचं बोलणं भरून आणायचं, आणि मग वर्गात पुन्हा पुन्हा ऐकून लिहून काढायचं, चित्र काढायचं, भांडायचं. हे सगळं तूच मला फोनवर सांगितलं होतंस, कौतुकाने. मी म्हटलं होतं, अगं बये, टॅब शाळेबाहेर न्यायचा नाही असं परिपत्रक आहे. तू म्हणालीस, "परिपत्रकाला आजोबा नसतात, ज्ञानू."

म्हणून सांगते, मी शून्य दिलं ते तुला वाचवायला. 'टॅब घरी जातात, उत्तम वापर' असं मी लिहिलं असतं, तर वापराचे गुण बाजूला राहिले असते आणि तुझ्यावर नोटीस निघाली असती. त्यापेक्षा 'वापर आढळला नाही' हे बरं. नोटिशीपेक्षा शून्य परवडलं. असा माझा विचार होता. खरंच होता.

त्या दिवशी मी वर्गात फार बसलेही नाही. दहा मिनिटांत उठले. पोषण आहाराच्या तांदळाचा साठा बघायचा होता.

मग तुझ्या खोलीवर जेवलो. बांगड्याचं तिखलं केलं होतंस. शेरेबुकात मी हिरव्या शाईने लिहिलं, "पाठ उत्तम. मुले धीट. शिक्षिकेचे अभिनंदन." तू ते वाचून हसलीस. आणि संध्याकाळी घरी येऊन मी अकरा गुणांचा तक्ता मोबाइलवरून पाठवला. हाताला मासळीचा वास होता अजून. खाल्ल्या मिठाला जागले नाही, असं आपल्याकडे म्हणतात ते हेच.

शमिकाला काय सांगू?

ज्ञानेश्वरी


रत्नागिरी
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

गुणवंती,

काल भाटीवाडीला जाऊन आले. शाळेच्या कामासाठी नाही. सकाळच्या एसटीने गेले, तरीच्या धक्क्यापासून चालत. गुडघ्यांनी शिव्या घातल्या.

भागोजी पडवीत खाटेवर होते. एवढा थोरला माणूस, होडीवर उभा राहिला की नुसत्या आवाजाने धक्क्यावरची माणसं हलायची, तो आता उशीला टेकून बसलाय आणि तोंडातून फक्त 'आं' येतं. मला ओळखलं. डावा हात उचलून नमस्कार केला. त्या हाताची मला लाज वाटली.

शमिकाची आई राही चहा घेऊन आली. म्हणाली, "पोर रोज विचारते, आवाज कदी येनार. मी म्हनते, आगो, बाईंना शंभर कामा असतात." मला वाटलं, आता तरी खरं सांगावं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "शोध चाललाय." तुला राग येईल. मलाही आला.

शमिका तेवढ्यात वही घेऊन आली. तुझ्या वेळची, निळ्या पुठ्ठ्याची. म्हणाली, "आवाज येईपर्यंत आमी असा करतो." आणि आजोबांच्या पायाशी बसून वाचायला लागली. भागोजींचं बोलणं, चौथीत असताना तिने टॅबवर ऐकून ऐकून उतरवलेलं, जसंच्या तसं: "पयला देवळाचा कळस बगायचा. कळस दोन माडांच्या फटीत आला का मग सुकानू डाव्या अंगाला. घाय नाय करायची. उधान आसला तर वाळूच्या दांड्यावरनं पानी फुटता, त्याचा आवाज येतो. डोल्यांनी नाय दिसला तर कानांनी बगायचा."

ती वाचते आणि भागोजी डोळे मिटून ऐकतात. मध्येच त्यांनी डाव्या हाताने खाटेच्या लाकडावर टक टक केलं. ती थांबली. म्हणाली, "चुकला? डाव्या नाय? उजव्या?" पुन्हा टक टक. "मग काय, आदी थांबायचा? लाट जाऊ द्यायची?" एक टक. म्हणजे हो. तिने पेन्सिलीने वहीत घातलं: आदी एक लाट जाऊ द्यायची. म्हणाली, "ह्यो बोलायला इसरलेले तवा. आता सांगतात." आणि माझ्याकडे तिने असं बघितलं जसं काही होडीची तांडेलकी तिलाच मिळाली आहे.

मी अर्धा तास बसले. त्या पोरीने दोन ठिकाणी दुरुस्ती केली. तू शाळा सोडून वर्ष होऊन गेलं, टॅब जाऊन दीड वर्ष होत आलं, आणि तुझा पाठ अजून चालू आहे, एका खाटेशी. माझ्या तक्त्यात एक प्रश्न होता, 'साधनाचा वापर पाठाच्या किती मिनिटांत झाला?' शून्य, असं लिहिलंय मी तिथे.

आता ऐक. मागे म्हटलं, टॅबचं मध्ये काय झालं ते आठवत नाही. खोटं होतं. सगळं आठवतं.

ऑक्टोबरात सहाही टॅब माझ्याकडे केंद्रशाळेत आले. त्या संध्याकाळी तुझा फोन आला. "ज्ञानू, दोन दिवस थांब. पोरांचं काढून घेते. भावाकडून लॅपटॉप मागवलाय." मी म्हटलं, आदेश आहे, थांबता येत नाही. आदेशात तारीख नव्हती. तारीख होती ती कार्यक्रमाची. परवा पाहुणे येणार होते आणि त्यांच्या हस्ते टॅब दुसऱ्या शाळेला द्यायचे होते, फोटो काढायचा होता, आणि तक्ता मी केला म्हणून मला शाल मिळणार होती.

पुसायचं काम मी स्वतः केलं. कुणाला सांगितलं असतं तर त्याने उघडून बघितलं असतं, म्हणून. एकेक टॅब उघडला. नावं दिसत होती. राजश्री आणि आई. विठू आणि काका. शमिका आणि आजोबा. खाली विचारलं होतं, सगळं पुसायचं का? मी हो म्हटलं. सहा वेळा हो म्हटलं, गुणवंती. एकही उघडून ऐकला नाही.

तुझ्याकडे कुठे काही नसणार हे मला जानेवारीतच माहीत होतं. तरी विचारलं. तुझ्याकडे असावं, म्हणजे माझं पाप थोडं कमी होईल, एवढाच त्यातला हिशेब.

ज्ञाने


रत्नागिरी
मंगळवार, ११ मार्च २०२५

गुणवंती,

हे पत्र थोडक्यात लिहिते, नाहीतर पुन्हा कुठेतरी वळसा घालीन.

शुक्रवारी अठ्ठावीस तारखेला जिल्ह्याची बैठक आहे. माझा तक्ता जूनपासून सगळ्या तालुक्यांत लावायचं त्यात ठरणार आहे. सगळ्या शाळा, सगळे शिक्षक. आणि जिथे गुण कमी, तिथली साधनं काढून जास्त गुणवाल्यांना, हेही त्याच कागदावर आहे. कुठे कुठे तुझ्यासारखी एखादी बाई असेल, रिकामं कपाट कुलूप लावून ठेवणारी. तिच्याकडे माझ्यासारखी कुणीतरी जाईल आणि प्लगला चार गुण देऊन येईल. त्या बैठकीत मला दहा मिनिटं बोलायचं आहे, कारण तक्ता माझा. त्या दहा मिनिटांत मला सांगायचं आहे की भाटीवाडीचा निकाल खोटा आहे आणि ज्या कागदावर तो उभा आहे तो मीच खोटा भरला.

पण ते सांगायचं तर टॅब घरी जात होते हेही सांगावं लागेल. त्यात नाव तुझं येईल. तू निवृत्त झालीस, पण मागच्या तारखेने खुलासा मागायला या लोकांना काही लागत नाही. एकदा तुला न विचारता तुझा निकाल लावला. या वेळी विचारून करायचं आहे. हो म्हण किंवा नाही म्हण. नाही म्हणालीस तर मी गप्प बसेन, आणि ते गप्प बसणं माझं मी भोगीन.

आणखी एक. मागे लिहिलं, शून्य दिलं ते तुला नोटिशीपासून वाचवायला. तो विचार मनात आला होता, पण तो नंतर आला. सोयीचे विचार नेहमी नंतर येतात.

तुझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी अनिल सरांचा फोन आला होता. ते पुण्याहून आलेले सल्लागार, तुला आठवत असतील, बैठकीत सारखे पाण्याची बाटली उघडायचे आणि प्यायचे नाहीत. बारा शाळा बघून झाल्या होत्या. ते म्हणाले, "मॅडम, बाराच्या बारा शाळा तीसच्या वर? असा तक्ता कोण मानणार? गुण पसरलेले दिसायला हवेत. एखादी तरी शाळा खाली दिसू द्या, नाहीतर वर म्हणतील की हे मोजतच नाही काही." त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. वाईट बोलले असंही नाही. त्यांना वाटलं असेल, कुठेतरी एक खरी वाईट शाळा असेलच.

तुझी शाळा शेवटची राहिली होती.

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. चहा पीत पाच मिनिटांत ठरवलं. बाकीच्या बारा शाळांत कुणाला खाली आणलं असतं तर कोण संघटनेत गेलं असतं, कोण आमदाराकडे. कुणाचा नवरा पत्रकार आहे, कुणाचा भाऊ सभापती. तुझं कुणी नव्हतं. तुझी मी होते. मनात आलं, गुणवंती समजून घेईल. परक्या माणसाला ढकलायला भीती वाटते. आपल्या माणसाला ढकलायला काही वाटत नाही, ते पडता पडताही आपल्याला सांभाळून घेईल असा भरवसा असतो.

हॉस्टेलवर माझ्या पेटीचं कुलूप तुटलं होतं तेव्हा तू तुझ्या पेटीत मला अर्धी जागा दिली होतीस. वरच्या बाजूची. तुझ्या साड्या खाली, माझ्या वर. मी दोन वर्षं त्या पेटीत माझंच सामान वर ठेवत राहिले आणि मला कधी वाटलंच नाही की आता पालटावं.

मला वाईट वाटतं, गुणे. हे कसं छान करून लिहायचं ते मला येत नाही. शेरेबुकात लिहायचं म्हणजे मला जमलं असतं.

हो की नाही, एवढं सांग.

ज्ञाने


रत्नागिरी
शनिवार, २९ मार्च २०२५

गुणे,

तुझं पाकीट बुधवारी आलं. जाड होतं. मला वाटलं माझीच चार पत्रं परत आली. फोडायला संध्याकाळ झाली.

आत पत्र नाही, चिठ्ठीसुद्धा नाही. एक शंभर पानी वही, वर तुझ्या ठसठशीत अक्षरात 'टॅब नेल्याची नोंद'. तू अशी नोंद ठेवत होतीस हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. तारीख, मुलाचं नाव, घरी कुणाच्या हाती दिला, कुणाचा आवाज, परत आला का. शेवटच्या रकान्यात शेरा. बायकांच्या सह्या, म्हाताऱ्यांचे अंगठे. भागोजींचा अंगठा तीन ठिकाणी आहे. 'भिवा आजी, डोळ्यांना दिसत नाही, नातवाने बटण दाबून दिले.' 'टॅबला माशाचा वास, पुसून घेतला.' 'बाबा मुंबईला, फोनवर बोलले, त्यांचा आवाज टॅबने भरून घेतला. मुलगा दोन दिवस आनंदात.' चौदा महिन्यांच्या नोंदी. एक टॅब फुटला नाही, एक हरवला नाही.

पुढचं सांगण्याआधी कालचं सांगते.

तुझं उत्तर हो आहे असंच मी धरलं. नाही म्हणायचं असतं तर ही वही तू जाळली असतीस, माझ्या हातात दिली नसतीस. बैठकीत माझा नंबर आला तेव्हा मी उभी राहिले आणि लिहून नेलेलं वाचलं. भाटीवाडीचा तक्ता मी चुकीचा भरला. पाठ पूर्ण पाहिला नाही. वापर होता, मला माहीत होता, तरी शून्य लिहिलं. टॅब घरी जात होते आणि तोच त्यांचा खरा वापर होता. मुलांनी भरलेले आवाज मी स्वतः पुसले. एवढं सगळं मराठीत, एकही इंग्रजी शब्द न घालता.

अनिल सरांनी बाटली उघडली आणि या वेळी प्यायले. मग म्हणाले, "पण मग मॅडम, मोजायचं कसं?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. निदान पूर्ण तास बसून." कुणीतरी मागे हसलं. साहेबांनी तक्ता जूनपासून लागू करायचं थांबवलं आहे, समिती नेमतो म्हणाले. समित्यांचं आपल्याला ठाऊक आहेच. माझ्याकडून सात दिवसांत लेखी खुलासा मागितला आहे. निरोपाचा कार्यक्रम बहुधा होणार नाही. शाल एकदा मिळाली आहे, तीही परत द्यावीशी वाटते, पण अशा गोष्टी परत घ्यायची सोय ऑफिसात नसते.

शमिकाला मात्र मी गुरुवारीच, बैठकीच्या आदल्या दिवशी, जाऊन सांगितलं. आधी तिला, मग साहेबांना. म्हटलं, आवाज नाही, बाळ. मी पुसला. तिने विचारलं, "चुकून?" मी म्हटलं, "नाही." तिने वही उचलली आणि आजोबांच्या खाटेकडे गेली, माझ्याकडे पाठ करून बसली आणि वाचायला लागली. राहीने चहा विचारला नाही. मी पायऱ्या उतरून आले. तू इतके महिने फोनवर का आली नाहीस ते मला त्या पाठीवरून कळलं.

आता वहीचं.

खुलाशाला वहीची झेरॉक्स जोडायची म्हणून आज सकाळी ऑफिसात गेले. शनिवार असूनही आवक-जावकचा कारकून संदेश मार्चअखेरीमुळे बसला होता. पानं लावता लावता तो एका पानाशी थांबला. म्हणाला, "मॅडम, हितं तुमचा नाव हाय. ह्या पानाची काय गरज नाय. काढू?"

ते पान मी बुधवारी रात्री वाचलं होतं, म्हणून तर मला बैठकीत उभं राहता आलं. १२ सप्टेंबर २०२३, मंगळवार. सहा मुलांची नावं, सहा टॅब, आणि शेऱ्याच्या रकान्यात तुझं अक्षर: "उद्या ज्ञानू पाहणीला येणार. टॅब आज घरी पाठवू नयेत का? नको, जाऊ देत. मुलं बोलतील, तिला कळेल."

मी संदेशला म्हटलं, राहू दे. त्याने शिक्का मारला.

तू मला एवढं पाठवलंस, तर एक गोष्ट अजून माझ्याकडे उरली आहे ती तुला देते. चारही पत्रांत ती मी लपवली. त्या दिवशी मी वर्गात आले तेव्हा तू जमिनीवर मुलांत बसली होतीस, गप्प. शमिका फळ्यावर खाडीचं तोंड काढत होती आणि विठू तिच्याशी भांडत होता की माड दोन नाहीत, तीन आहेत, माझ्या काकाने सांगितलंय. तिने विचारलं, कुठनं बघितल्यावर तीन? होडीतनं की धक्क्यावरनं? आणि तो गप्प होऊन विचार करायला लागला. अख्खा वर्ग विचार करायला लागला. तू माझ्याकडे बघून हसलीस.

तांदळाचा साठा बघायची काही घाई नव्हती, गुणे. मला कळलं होतं. आणखी पाच मिनिटं बसले असते तर अकरा गुण देता आले नसते, म्हणून मी उठले.

तुझी,
ज्ञानू